इंदूरहून कॉफीचा मळा बघायचा: चिखलदरा की चिकमगळूर?

चिखलदरा आपल्याला गाडीने गाठता येतं. खंडवा, धारणी, सेमाडोह असा मेळघाटातून रस्ता. विदर्भातल्या या थंड हवेच्या ठिकाणी कॉफी पिकते, हे इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांना माहीतच नसतं! आजी-आजोबा, मुलं सोबत असतील तर हेच बरं. झाडं बघायला मिळतील, पण चवीचा साग्रसंगीत कार्यक्रम मिळेलच असं धरू नका.

कर्नाटकातलं चिकमगळूर लांब आणि महाग. विमानाने बेंगळुरू, तिथून पुढे चार-पाच तास रस्ता. पण कॉफी मनापासून आवडत असेल तर मी तिकडेच जा म्हणेन, तेही छोट्या मळ्यात. अरेबिका या कॉफीच्या जातीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, तेव्हाच जावं. लाल फळ बोटांनी दाबलं की दोन चिकट, बुळबुळीत बिया बाहेर येतात, आणि तो गर चक्क गोड लागतो. चव घेताना भरड पुडीवर गरम पाणी ओततात, चार मिनिटांनी वर जमलेला पुडीचा थर चमच्याने मोडतात, नाक जवळ नेतात आणि मग जोरात सुरका मारतात. दूध-साखर नाही. आपल्या गोड, दुधाळ कॉफीची सवय असलेल्यांनी पहिल्या घोटावर मत बनवू नये. कप जरा निवू द्यावा, मग आंबटगोडपणा कळतो.