डॉमिनियन, सात महिन्यांनंतर: पानं येतात की आणावी लागतात?

आमच्या घरी पत्ते म्हणजे रमी आणि मेंढीकोट. बाबा हरले की त्यांचं ठरलेलं वाक्य: "पानंच आली नाहीत." डॉमिनियन हा पत्त्यांचा खेळ घरी आल्यावर पहिले दोन महिने मीही तेच म्हणत होते. गेले सात महिने आम्ही दर शनिवार-रविवार तीन-चार डाव खेळतोय. आता माझं मत असं की या खेळात ते वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. पण काही वेळा ते अगदी खरं असतं, आणि नेमकं कधी, ते सांगण्यासाठी हे लिहितेय.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डोनाल्ड एक्स. व्हॅकरिनो यांचा हा खेळ २००८ साली आला आणि २००९ मध्ये त्याला जर्मनीतला 'श्पील देस यारेस' पुरस्कार मिळाला. प्रत्येकाला सुरुवातीला सारखीच दहा पानं मिळतात: सात कॉपर (एकेका नाण्याची पानं), तीन इस्टेट (गुण देणारी, पण नाणी न देणारी). ती पिसायची आणि पाच उचलायची. मग एक ॲक्शन (म्हणजे कृतीचं एक पान खेळायचं), एक खरेदी. विकत घेतलेलं पान तुमच्याच डेकमध्ये जातं, आणि डेक संपला की सगळं पुन्हा पिसून पुन्हा उचलायचं. शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला. सहा गुणांचं प्रॉव्हिन्स घ्यायला आठ नाणी लागतात.

मला खेळ कळला तो एका साध्या भागाकाराने. सुरुवातीच्या दहा पानांत सात नाणी, म्हणजे पानामागे ०.७. पाच पानांच्या हातात सरासरी साडेतीन. प्रॉव्हिन्ससाठी पानामागे १.६ हवीत. मग एका नाण्याचं कॉपर डेकमध्ये असणं हा फायदा की तोटा? तोटा. ते सरासरी १.६ च्या खालीच ओढतं.

बाबांना हे पटायला फार वेळ लागला. मांडणीत, म्हणजे त्या डावात विकत घेता येणाऱ्या पानांत, चॅपल असलेला एक डाव मला पक्का आठवतो. चॅपल दोन नाण्यांना मिळतं आणि हातातली चार पानांपर्यंत कायमची बाद करू देतं. माझ्या भाचीने पहिल्या दोन पाळ्यांत सिल्व्हर (दोन नाण्यांचं पान) आणि चॅपल घेतलं. तिसऱ्या पाळीला चॅपल आलं तशी तिने दोन इस्टेट आणि दोन कॉपर बाद केली. बाबा कळवळून म्हणाले, "अगं, पैसे कोण फेकतं?" ती म्हणाली, "आजोबा, थांबा ना." डाव अर्ध्यावर आला तेव्हा तिच्याकडे जेमतेम दहा-अकरा पानं होती, त्यांतल्या चार लॅबोरेटरी, म्हणजे आणखी पानं उचलू देणारी. जवळपास अख्खा डेक दर पाळीला तिच्या हातात येत होता. तिने कसं पिसलं याने काही फरकच पडत नव्हता. बाबांकडे पंचवीसच्या वर पानं, हातात कधी चार कॉपर, कधी तीन इस्टेट. "पानंच आली नाहीत," ते म्हणाले. पण ती पानं डेकमध्ये त्यांनीच ठेवली होती.

माझीही चूक तशीच. मला मिलिशिया आवडतं, वर्कशॉपही आवडतं, म्हणून पहिल्या दोन पाळ्यांत मी दोन्ही घ्यायचे. दोन्ही ॲक्शनची पानं आणि पाळीला ॲक्शन एकच, त्यामुळे दोन्ही एका हातात आली की एक वाया. असं वारंवार व्हायला लागलं तेव्हा मी एकदा बसून हिशेब केला. बारा पानांच्या डेकमध्ये तिसऱ्या किंवा चौथ्या पाळीत ही दोन पानं एकत्र येण्याची शक्यता ३० टक्के निघते. इतकी जोखीम मी डोळे मिटून घेत होते. आता एक ॲक्शन आणि एक सिल्व्हर घेते, किंवा आधी व्हिलेज, म्हणजे जास्तीच्या ॲक्शन देणारं पान, शोधते.

आता खऱ्या नशिबाबद्दल. पहिल्या दोन हातांत सात कॉपर ४-३ असे विभागले जातात किंवा ५-२. दुसरं सहापैकी एकदा होतं. मांडणीत पाच नाण्यांची विच असेल आणि ५-२ फक्त एकालाच मिळालं, तर तो पहिल्या दोन पाळ्यांतच विच घेतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात कर्स, म्हणजे गुण कमी करणारी पानं, पडायला लागतात. इथे समोरच्याचं काहीही चुकलेलं नसतं. तसंच, नवं घेतलेलं पान तिसऱ्या-चौथ्या पाळीत न येता तळच्या दोन पानांत अडकणं; तेही सहापैकी एकदा. चॅपल असं अडकलं की फार जीव जळतो. दोघंच खेळत असू तर आम्ही घरात नियम केलाय: पहिल्याला जी विभागणी येईल तीच दुसऱ्याने लावून घ्यायची. विचच्या डावांतली चिडचिड त्याने खूपच कमी झाली.

बाबा मात्र रमीची बाजू सोडत नाहीत. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच म्हटलंय, हे ते दर वेळी सांगतात, आणि बरोबरच आहे. फरक मला एवढाच जाणवतो की रमीत कॅट सगळ्यांचा एकच असतो. इथे प्रत्येक जण स्वतःचा बनवतो, त्यामुळे नशिबाला किती जागा द्यायची हेही बऱ्यापैकी आपल्या हातात राहतं.

वापराबद्दल दोन गोष्टी. पिसणं अतोनात आहे, एका डावात दहा-पंधरा वेळा सहज. पानांना स्लीव्ह (प्लास्टिकची पाकिटं) घालाच, विशेषतः कॉपरना. पावसाळ्याच्या दमट हवेत बिनस्लीव्हची पानं एकमेकांना चिकटतात. आणि चौघांत खेळलात तर आपली पाळी येईपर्यंत बराच वेळ बसून राहावं लागतं. आम्हाला दोघं-तिघं असतानाच मजा येते.

आमच्याकडे दुसरी आवृत्ती आहे. तिच्यातल्या विकत घ्यायच्या २६ प्रकारच्या पानांतून दर डावाला १० प्रकार निवडायचे, म्हणजे ५३ लाखांहून जास्त मांडण्या होतात. आम्हाला मात्र अलीकडे वेगळाच नाद लागलाय. गेल्या रविवारी बाबा दोन गुणांनी हरले. मी पेटी आवरायला घेतली तर म्हणाले, "तीच दहा राहू दे. उद्या पुन्हा हीच खेळू, पहिली पाळी माझी." मी ती दहा नावं वहीत लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरुवातीलाच चॅपल उचललं.