वीस हजारांच्या भरपाईपायी गेलेले एकोणसत्तर हजार

विमान रद्द झाल्याची भरपाई मिळवून देतो असे सांगणाऱ्या एका माणसाने गेल्या नोव्हेंबरमध्ये माझ्या बचत खात्यातून 69,498 रुपये काढून नेले. मी सांगलीत राहतो आणि चौतीस वर्षे एका साखर कारखान्याच्या लेखा विभागात काम करून निवृत्त झालो आहे. म्हणजे व्हाउचरवर सही नसेल तर शंभर रुपयेही न सोडणाऱ्यांतला मी. तरीही फसलो, कारण त्या माणसाने सांगितलेला नियम खरा होता. निदान अर्धा तरी खरा होता.

नोएडात राहणाऱ्या मुलीच्या मुलाचा पहिला वाढदिवस रविवारी दुपारी होता. त्यासाठी शनिवारी रात्रीच्या पुणे-दिल्ली विमानाची दोन तिकिटे मी आमच्या भागातील एका एजंटाकडून काढली होती. दुपारी एसटीने निघून, स्वारगेटहून रिक्षाने लोहगावला पोहोचलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विमान रद्द झाल्याचे सांगितले. दुसरे विमान रविवारी रात्रीचे मिळत होते, त्याचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता. म्हणून परतावा मागितला आणि रात्रीच्या गाडीने परत फिरलो. नातवासाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा पहाटे सांगलीत जसाच्या तसा उतरला.

त्या संतापात मी एक चूक केली, आणि पुढचे सगळे तिथूनच सुरू झाले. विमान कंपनीला उद्देशून मी समाजमाध्यमावर जाहीर तक्रार लिहिली आणि पुरावा म्हणून तिकिटाचे छायाचित्र जोडले. त्यात आमची नावे, विमानाचा क्रमांक आणि पीएनआर स्पष्ट दिसत होते. दहा मिनिटांत कंपनीचे बोधचिन्ह असलेल्या खात्यावरून उत्तर आले की गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपला मोबाइल क्रमांक खासगी संदेशात कळवावा. खात्याचे नाव कंपनीच्या नावासारखेच होते. मध्ये एक आडवी रेघ जास्त होती, ती मला नंतर मुलीने दाखवली.

दुपारी चारच्या सुमारास फोन आला. बोलणारा तरुण शुद्ध हिंदीत, अतिशय नम्रपणे बोलत होता आणि आमची नावे, पीएनआर, सुटण्याची वेळ त्याला तोंडपाठ होती. ही सर्व माहिती मीच सकाळी चव्हाट्यावर मांडली होती, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमानुसार दोन तासांहून अधिक प्रवासाचे विमान रद्द झाल्यास प्रत्येक प्रवाशाला दहा हजार रुपये मिळतात, असे त्याने सांगितले. मी फोन सुरू ठेवूनच इंटरनेटवर शोधले, तर दहा हजारांचा आकडा खरोखरच समोर आला. माझा उरलासुरला संशय तिथेच फिटला.

मग त्याने व्हॉट्सॲपवर भरपाईच्या अर्जाची एक फाइल पाठवली. ती उघडताना मोबाइलने अनोळखी ठिकाणचे ॲप असल्याचा इशारा दिला. तो कसा बाजूला सारायचा हे त्याने मला शांतपणे, एकेक पायरी समजावून सांगितले. ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, तीही मी दिली. अर्जात शेवटी पाच रुपये नोंदणी शुल्क होते आणि त्यासाठी डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत व मागचे तीन आकडे भरायचे होते. त्याने मला एकदाही ओटीपी विचारला नाही. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेले असल्यामुळे, तो विचारत नाही म्हणजे माणूस सच्चा, असा उलटाच निष्कर्ष मी काढला. प्रत्यक्षात माझ्या मोबाइलवर येणारे संदेश ते ॲप परस्पर त्याच्याकडे पाठवत होते. 24,999, पुन्हा 24,999 आणि मग 19,500 अशा तीन रकमा सात मिनिटांत गेल्या. मी मात्र त्याचे ‘प्रक्रिया सुरू आहे, फोन ठेवू नका’ ऐकत बसलो होतो.

आता त्या नियमाविषयी. विमान रद्द झाल्यास भरपाईची कमाल मर्यादा एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000, एक ते दोन तासांच्या प्रवासाला 7,500 आणि दोन तासांहून अधिक प्रवासाला 10,000 रुपये आहे, हे खरे. परंतु ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, या दोन्हींपैकी जी कमी असेल तीच मिळते. आमच्या तिकिटावर हे दोन्ही मिळून माणशी 4,310 रुपये होते. म्हणजे नियमाचे एक वाक्य मी पुढे वाचले असते, तर वीस हजार देऊ करणारा माणूस खोटा आहे हे मला तिथेच कळले असते. आयुष्यभर इतरांच्या बिलांतली बारीक अक्षरे वाचली आणि स्वतःच्या वेळी ठळक आकड्यावर थांबलो.

त्याहून बोचणारी गोष्ट आठवड्याने कळली. कंपनीने विमान रद्द झाल्याचा संदेश सुटण्याच्या वेळेआधी तीस तास पाठवला होता. तो गेला होता एजंटाच्या मोबाइलवर, कारण आरक्षण करताना त्याने माझ्याऐवजी स्वतःचा क्रमांक टाकला होता. चोवीस तास आधीपर्यंत कळवून पर्यायी विमान किंवा परतावा देऊ केला असेल तर भरपाई देय नसते, आणि संपर्काची पुरेशी माहिती न देणाऱ्या प्रवाशालाही ती मिळत नाही. पूर, राजकीय अशांतता, संप, खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या अडचणी अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांनाही हाच अपवाद आहे. थोडक्यात, ज्या भरपाईच्या मागे मी धावलो ती मला देयच नव्हती. एजंटाला विचारले तेव्हा, ‘काका, सगळ्यांचीच तिकिटं आम्ही अशी काढतो, बदलाचे मेसेज आम्हाला बघता येतात,’ असे तो म्हणाला. त्याने तो संदेश बघितला नव्हता. विमानतळावरही कोणी मला हे नियम सांगितले नाहीत, आणि प्रवाशाच्या या अज्ञानावरच असल्या भामट्यांचा धंदा चालतो असे माझे मत झाले आहे.

पैसे गेल्याचे खात्यातील शिल्लक पाहिल्यावर कळले. रविवार असल्याने बँक बंद होती. मी आधी मुलीला फोन केला. तिने पहिल्यांदा मोबाइलचे इंटरनेट बंद करायला लावले, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावरून कार्ड गोठवायला सांगितले आणि लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर बोलायला लावले. तिथे बँकेचे नाव, खाते क्रमांक, तिन्ही व्यवहारांचे क्रमांक व वेळा विचारल्या गेल्या. हे सगळे फसवणुकीनंतर पाऊण तासाच्या आत झाले, म्हणून तिसरी रक्कम, 19,500 रुपये, पुढच्या एका खात्यात अडवता आली. आधीच्या दोन रकमा तोवर कुठल्या कुठे गेल्या होत्या. सोमवारी सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यात आणि बँकेत लेखी तक्रार दिली. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकानेच सोसायचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेने, असे शाखाधिकाऱ्यांनी मला दाखवले. ते चुकीचे सांगत होते असे मी म्हणणार नाही.

विमान कंपनीकडून खरोखर काही येणे असेल, तर तिकिटावर छापलेल्या संकेतस्थळावरच्या तक्रार कक्षाकडे लिहावे. तिथे दाद लागली नाही तर सरकारचे एअरसेवा पोर्टल व ॲप आहे, आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही आहे. यांपैकी कुठेही पाच रुपयांचे शुल्क किंवा कार्डाच्या मागचे आकडे लागत नाहीत. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही नियमाने विमान कंपनीचीच असते. मला हे ठाऊक नसल्यामुळे आमच्या परताव्यासाठी एजंटाच्या दुकानाच्या चार खेपा घालाव्या लागल्या आणि शेवटी त्याने ‘सेवा शुल्क’ म्हणून सहाशे रुपये कापून घेतले. आता तिकीट काढताना मी माझाच मोबाइल क्रमांक पडद्यावर वाचून दाखवायला लावतो.

अडवलेले 19,500 रुपये न्यायालयाच्या आदेशानंतर सुटतील असे पोलिसांनी सांगितले असून तसा अर्ज मी दिला आहे. ज्या खात्याने मला उत्तर दिले होते ते बंद झाले आहे. परवा पाहिले, तर तेच बोधचिन्ह आणि नावात दोन आडव्या रेघा असलेले नवे खाते नागपूरच्या एका प्रवाशाकडे मोबाइल क्रमांक मागत होते. त्याखाली मी माझा सगळा प्रकार चार ओळींत लिहिला, आणि त्या गृहस्थांनी तिकिटाचे छायाचित्र काढून टाकले.