आठ महिने, सहा साईट आणि नऊ पावसाळ्यांच्या नोंदी

गेल्या जूनमध्ये नवा फोन घेतला आणि ज्या साईटवर मी २०१६ पासून रानफुलांच्या नोंदी टाकत होते, तिथलं खातंच उघडेना. ओटीपी जुन्या नंबरवर जात होता आणि तो नंबर मी कधीच सोडलेला. तेवीस दिवस ओळखपत्राचे फोटो पाठवत राहिले. दर वेळी तेच ठरावीक उत्तर. कास, चाळकेवाडी, ठोसेघर, नऊ पावसाळ्यांत कुठे काय कधी फुललं, हे सगळं त्या कुलपाआड होतं आणि माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती.

खातं परत मिळाल्याबरोबर सगळा मजकूर उतरवून घेतला. फाईल उघडली तर मराठीचं एक अक्षर वाचता येईना. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सहसा तीन बाइटांत साठवलं जातं आणि त्या फाईलने तिन्ही बाइट वेगवेगळी अक्षरं समजून लिहिले होते. भाच्याने पायथन या संगणकभाषेत चार ओळी लिहून ते सरळ केलं. ज्याच्या घरात असा भाचा नाही, त्याने काय करायचं? तेव्हापासून मी प्रत्येक साईट एकाच प्रश्नावर तपासते: माझं लिहिलेलं मला परत मिळेल का, आणि वाचता येईल का?

हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. दोन्हीकडे मी होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा फुलांचा ग्रुप आहे आणि ‘उद्या पहाटे निघायचं का’ हे विचारायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. नोंदींसाठी मात्र नको. फोटो नेहमीसारखा पाठवला की बारीक होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती गळून पडते; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच मूळ राहतो, हे ग्रुपला सांगून सांगून मी थकले. शिवाय अँड्रॉइडवरचा बॅकअप आता गूगलच्या फुकट १५ जीबीत मोजला जातो. जागेसाठी दरमहा पैसे भरायची माझी तयारी नाही.

म्हणून टेलिग्राम. स्वतःचं खासगी चॅनेल काढलं, मूळ फोटो फाईल म्हणून चढवले. फुकट, २ जीबीपर्यंतची फाईल चालते, फोनची जागा खात नाही, संगणकावरून सगळं एकदम उतरवता येतं आणि मराठी शाबूत येतं. ऑक्टोबरपर्यंत मी भेटेल त्याला हेच सांगत होते.

ते मत आता बदललं आहे. एकदा सेटिंग चाळताना दिसलं की ठरावीक महिने खातं वापरलं नाही तर ते आपोआप पुसलं जातं. मुदत वाढवता येते, मी लगेच वाढवली. पण उद्या मी दीर्घकाळ अंथरुणाला खिळले तर माझ्या नोंदींची मुदत मोजायला कोण बसणार? दुसरी अडचण शोधण्याची. ‘तेरडा’ शोधलं की ‘तेरड्याची’, ‘तेरड्याला’ असलेल्या नोंदी येत नाहीत. आता प्रत्येक नोंदीच्या शेवटी फुलाचं नाव मूळ रूपात, सुटं लिहिते. ही सवय कुठल्याही साईटवर उपयोगी पडेल.

इन्स्टाग्रामवर फोटो देखणे दिसतात, पण मजकुरातली लिंक दाबता येत नाही. तिथे मी फार रमले नाही. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या साईटवर एका पोस्टची मर्यादा ३०० अक्षरांची असली तरी काना-मात्रा वेगळे मोजत नाहीत: ‘फुलांची’ तिथे तीन अक्षरं, एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) सात. मराठीत लिहिणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. मॅस्टोडॉनला, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरांच्या जाळ्याला, मी बराच वेळ दिला. तिथे नोंदी काळाच्या क्रमाने येतात, मध्ये कुणी काही घुसडत नाही. पण सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, लिहिलेलं जुन्या जागीच राहतं. माझ्या प्रश्नावर तिथे अडतं.

आणि आयनॅचरलिस्ट, झाडं-प्राण्यांचे फोटो चढवून त्यांची ओळख पटवून घ्यायची साईट. सुरुवातीला मी याला सोशल साईट मानतच नव्हते: गप्पा नाहीत, शुभेच्छा नाहीत. डिसेंबरात ‘सीतेची आसवं’ या रानफुलाचा २०१७ मधला फोटो चढवला. पूर्वीच्या साईटवर त्याला भरभरून लाइक मिळाले होते आणि मी लिहिलेली जात कुणालाही खटकली नव्हती. इथे दोन दिवसांत एका अनोळखी अभ्यासकाने फुलामागच्या शेपटीचा फोटो मागितला. माझ्याकडे होता. त्याने जात दुरुस्त केली, आणखी दोघांनी दुजोरा दिला. आठ वर्षं मी चुकीचं नाव सांगत फिरत होते! त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

धोक्यातल्या वनस्पतींचं नेमकं ठिकाणही ही साईट आपोआप झाकते, साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दाखवते. खरचुडीचे कंद उकरून नेले जातात, त्यामुळे हे मला फार मोलाचं वाटतं. सगळ्या नोंदी तक्त्याच्या रूपात उतरवता येतात, माझ्या मराठी टिपांसकट.

फेसबुकवरचे फुलांचे ग्रुप मी सोडलेले नाहीत, नवख्या माणसाने पहिला प्रश्न तिथेच विचारावा. २०१६ ते २०१८ चे पावसाळे आयनॅचरलिस्टवर चढवून झाले आहेत. तक्त्याची एक प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर जाते आणि दुसरी भाच्याकडे.