टायटॅनियम-सिलिका उत्प्रेरक: इपॉक्सिडेशनसाठी घ्यावा का?

ऑलेफिनपासून (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेलं संयुग) इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचं वलय असलेलं संयुग) करायला तयार मिळणाऱ्या घन उत्प्रेरकांत सिलिकावर बसवलेला टायटॅनियम ऑक्साइड सगळ्यात भरवशाचा. अट एकच, त्याला पाणी लागता कामा नये. शेलच्या प्रॉपिलीन ऑक्साइड प्रक्रियेत १९७०च्या दशकापासून याच जातीचा उत्प्रेरक आहे, आणि तिथेही ऑक्सिडंट (ऑक्सिजन पुरवणारं रसायन) इथिलबेंझीन हायड्रोपेरॉक्साइड असतो, जलीय हायड्रोजन पेरॉक्साइड नव्हे. पाणी टायटॅनियमच्या जागा अडवतं आणि सिलिकाशी असलेले त्याचे बंध तोडतं. सुटलेलं टायटॅनियम एकत्र येऊन ऑक्साइडचे कण होतात, आणि ते पेरॉक्साइड नुसताच फुकट घालवतात. ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच वापरायचा असेल तर टीएस-१ (टायटॅनियम असलेला सच्छिद्र झिओलाइट) घ्या. मात्र त्याची छिद्रं जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची: १-हेक्सीन सहज शिरतं, सायक्लोहेक्सीन अडखळतं.

लेबलवर टायटॅनियम जास्त दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. १.५ टक्के टायटॅनियम ४०० चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या सिलिकावर पसरलं, तर दर चौरस नॅनोमीटरला साधारण अर्धा अणू येतो. अणू सुटे राहायला एवढी जागा पुरते. ४ टक्क्यांना तोच आकडा सव्वाच्या घरात जातो आणि गठ्ठे व्हायला लागतात. विक्रेत्याकडून डिफ्यूज रिफ्लेक्टन्स यूव्ही आलेख (पावडर कोणत्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषते ते दाखवणारा) मागून घ्या. २१० ते २३० नॅनोमीटरला शिखर आणि ३०० नंतर सपाट, असा हवा. ३३०च्या आसपास खांदा दिसला, म्हणजे गठ्ठे झाले असतील, तर ती बॅच परत पाठवावी.

दुसरी मेख माहितीपत्रकात असते. तिथले आकडे बहुधा सायक्लोऑक्टीनचे असतात. त्याचा इपॉक्साइड इतका टिकाऊ की उत्प्रेरकाचे दोष झाकले जातात. चाचणी सायक्लोहेक्सीनवर घ्या. १०० मिलिग्रॅम पावडर १५० अंशांना व्हॅक्यूममध्ये ३ तास सुकवा. त्यात १० मिली कोरडं टोल्युइन, २ मिली सायक्लोहेक्सीन, इंटर्नल स्टँडर्ड (मोजमापाचा स्थिर संदर्भ) म्हणून डोडेकेन आणि शेवटी डेकेनमधलं ५.५ मोलर टीबीएचपी (टर्ट-ब्यूटिल हायड्रोपेरॉक्साइड, इथला ऑक्सिडंट) १.८ मिली घालून, नायट्रोजनखाली ६० अंशांना ढवळत ठेवा. ऑलेफिन मुद्दाम दुप्पट घेतलंय, कारण मापायचंय ते पेरॉक्साइडचं चीज किती झालं ते. खर्च झालेलं टीबीएचपी आयोडोमेट्रीने (आयोडीनच्या टायट्रेशनने) काढा आणि तयार झालेल्या इपॉक्साइडशी ताडून पाहा. जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफी) नमुना देण्यापूर्वी त्यात ट्रायफेनिलफॉस्फीन टाका, नाहीतर उरलेला पेरॉक्साइड इंजेक्टरमध्ये फुटून खोटी शिखरं देतो. सायक्लोहेक्सेनोन आणि सायक्लोहेक्सेनॉल बरंच दिसलं तर रॅडिकल मार्ग चालू आहे. डायॉल (दोन अल्कोहोल गटांचं संयुग) दिसलं तर पाणी शिरलंय आणि आम्लधर्मी जागांनी वलय उघडलंय.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा गरम गाळणीची, म्हणजे धातू सुटून द्रवात जातो का ते पाहण्याची, आणि ती टाळणाऱ्यांचीच संख्या मोठी. रूपांतर ३० ते ४० टक्क्यांवर असताना ६० अंशांनाच ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई गाळणीतून द्रव काढा आणि त्याच तापमानाला पुढे चालू ठेवा. थंड करून गाळलं तर सुटलेला धातू पुन्हा सिलिकाला चिकटतो आणि निकाल फसवा येतो. चांगल्या टायटॅनियम-सिलिकाच्या गाळलेल्या द्रवातली क्रिया जवळपास थांबते. मॉलिब्डेनम ऑक्साइडवाल्या मालाची मात्र सहसा चालूच राहते: टीबीएचपी, त्यातून होणारं अल्कोहोल आणि डायॉल मिळून मॉलिब्डेनम विरघळवतात. सुरुवातीचा वेग पाहून भुरळ पडते खरी, पण काम द्रवातला धातू करतो आणि दर फेरीला पावडर कमजोर होत जाते. व्हॅनेडियमचंही तेच दुखणं.

वापरलेली पावडर पिवळट-तपकिरी झाली की टोल्युइनने धुऊन, १२० अंशांना पूर्ण सुकवून, हवेत मिनिटाला २ अंश चढवत ५०० अंशांना ४ तास भाजा. पेरॉक्साइड किंवा टोल्युइन राहिलेली पावडर थेट भट्टीत ढकलणं धोक्याचं. सिलिलेटेड ग्रेड (पृष्ठभागावर मिथिल गटांचे सिलिकॉन संयुग बसवलेली) पाणी अधिक सोसते, त्यामुळे दमट हवेत काम असेल तर तीच घ्यावी. पण भाजल्यावर तिचे मिथिल गट जळून जातात, म्हणून ती फक्त धुऊन वापरा, किंवा भाजल्यावर पुन्हा सिलिलेट करा.