नाकात मारायचा स्प्रे: सात महिन्यांचा अनुभव

नवरात्राआधी घर काढायला घेतलं, माळ्यावरच्या गाद्या खाली उतरवल्या आणि शिंकांनी मला अक्षरशः खाली बसवलं. त्याच आठवड्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. तोवर अकरा वर्षं मी या अ‍ॅलर्जीला ‘सर्दीची प्रकृती’ म्हणत आले होते.

आधी सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायचे. शिंका थांबत, पण सकाळी वर्गात उभ्या उभ्या पेंग यायची. फेक्सोफेनाडिनने पेंग गेली, तरी रात्री नाक चोंदलेलंच. या गोळ्या शिंका, खाज, वाहणारं पाणी यावर चांगल्या. आतली सूज त्यांना फारशी जुमानत नाही. मग मेडिकलमधून झायलोमेटाझोलिनचे थेंब आणले. पाच मिनिटांत नाक मोकळं! असे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरायचे नसतात. मी दीड वर्ष वापरले. थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा थेंब. बाटली उशीखाली असल्याशिवाय झोप लागेना. इतक्या बाटल्या नेल्या, पण दुकानात एकदाही कुणी हटकलं नाही, याचा मला आजही राग येतो.

डॉक्टरांनी फ्लुटिकासोन फ्युरोएटचा स्प्रे दिला. रोज सकाळी प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, एका फवाऱ्यात २७.५ मायक्रोग्रॅम औषध. ‘स्टेरॉइड’ म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या. पण हे औषध नाकातच काम करतं, रक्तात अगदी नगण्य जातं. थेंब सोडवताना आधी एकाच नाकपुडीतले बंद करायला सांगितले, दहा दिवसांनी दुसरीतले. ते दिवस कठीण गेले, खोटं सांगत नाही.

पहिले तीन आठवडे स्प्रेचा म्हणावा तसा गुण येईना, उलट उजव्या बाजूचा घोळणा फुटला. बंद करणारच होते. परत दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “माझ्यासमोर मारून दाखवा.” मी मान मागे टाकून, उजव्या हातानेच दोन्हीकडे मारत होते. त्यामुळे उजवीकडचा फवारा थेट मधल्या पडद्यावर बसत होता आणि उरलेलं औषध घशात उतरत होतं. खरी रीत अशी: मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारायचं, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. श्वास हळू घ्यायचा, जोरात ओढायचा नाही. रीत बदलल्यावर दोन आठवड्यांत मी तोंड मिटून झोपायला लागले. फोडणीतल्या हिंगाचा वास स्वयंपाकघराबाहेर येऊ लागला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

स्प्रेच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुते. पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं थेट नाकात घालू नका, त्यातले जंतू नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात.

जानेवारीत कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधायला त्वचेवरची प्रिक टेस्ट केली. त्याआधी आठवडाभर गोळ्या बंद ठेवाव्या लागल्या, स्प्रे चालू होता. इतकी वर्षं मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या काँग्रेस गवताला दोष देत होते. निघाले धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, आणि झुरळं. तेव्हापासून गादी-उशांना बंद कव्हरं, आणि चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. कापसाची जुनी गादी देऊन टाकली.

१२० फवाऱ्यांची बाटली सुरुवातीला महिनाभर पुरायची. आता डॉक्टरांनी एकेक फवारा केलाय, म्हणजे दोन महिने. उदबत्तीच्या धुराने अजून शिंका येतात, त्यावर स्प्रेचा उपयोग झालेला नाही. स्टेरॉइडने डोळ्यांचा दाब वाढू शकतो आणि वडिलांना काचबिंदू आहे, म्हणून मार्चमध्ये डोळ्यांचा दाब तपासून घेतला, नॉर्मल आला. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराला त्या अ‍ॅलर्जीची हळूहळू सवय लावणाऱ्या उपचाराचा, पर्यायही समोर आहे, पण ती तीन ते पाच वर्षं नेमाने घ्यावी लागते. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत त्याचं ठरवणार आहे. कुणी घेतली असेल तर पहिलं वर्ष कसं गेलं ते जरूर सांगा.