जुनी निकॉर ५०, स्वस्त अ‍ॅडॉप्टर आणि उजवीकडचे सुजलेले तारे

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायला घेतलेल्या अ‍ॅडॉप्टरबद्दल मी तक्रार केली होती. विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं: इन्फिनिटी (म्हणजे ताऱ्यांसारखं अगदी दूरचं) फोकस होतो, सबब वस्तू सदोष नाही, बदलून मिळणार नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फोकस होतो, पण रिंगवरच्या आडव्या आठावर (∞, इन्फिनिटीची खूण) होत नाही आणि सगळ्या फ्रेमभर सारखा होत नाही. दिवसा गडकिल्ले टिपणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. ताऱ्यांच्या फोटोत मात्र लपायला जागा नसते.

लेन्स मामांच्या एफएम२ या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरची, निकॉर ५० एमएम एफ/१.८ एआय-एस. कॅमेरा सोनी ए६०००. अ‍ॅडॉप्टर हजाराच्या आतला. त्यात ना काच, ना काँटॅक्ट. नुसती धातूची नळी. फ्लँज अंतर म्हणजे माउंटपासून (लेन्स अडकते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचं अंतर. निकॉनच्या एफ माउंटचं ते ४६.५ मिमी, सोनीच्या ई माउंटचं १८. म्हणजे नळीनं नेमकं २८.५ मिमी भरायचं आणि दोन्ही तोंडं समांतर ठेवायची, एवढंच काम.

स्वस्त अ‍ॅडॉप्टर बहुधा मुद्दाम किंचित आखूड ठेवतात. लांब झाला तर इन्फिनिटी गाठताच येत नाही. आखूड असला तर ती आडव्या आठाच्या आधीच सापडते. ०.१ मिमीनं आखूड असेल, तर ५० एमएमवर तारे रिंगच्या २५ मीटरच्या जागी फोकस होतात आणि २८ एमएमवर आठ मीटरच्याही अलीकडे. याबद्दल माझी तक्रार नाही. व्याध स्क्रीनवर घ्यायचा, लाइव्ह व्ह्यू मोठा करायचा, ठिपका सगळ्यात बारीक होईल तिथे रिंगला टेप लावायची. फोकस पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) भरवशावर राहू नका, ताऱ्यांवर ते उपयोगाचं नाही.

माझा राग आहे तो तिरकेपणावर. भंडारदऱ्याला मृग नक्षत्र टिपलं, तर डावीकडचे तारे सुईच्या टोकाएवढे आणि उजवीकडचे सुजलेले. लेन्स जुनी, तेव्हा पहिला संशय तिच्यावरच. पण त्याच अ‍ॅडॉप्टरवर २८ एमएम लावली तरी उजवी बाजूच बिघडलेली. दोन वेगळ्या लेन्स एकाच बाजूला बिघडत नाहीत.

हिशेब करून पाहा. माउंटच्या दोन टोकांत ०.०५ मिमीचा फरक असेल, तर सेन्सरच्या मध्यापासून दोन्ही कडांना साधारण १२-१३ मायक्रॉनची चूक पडते. या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे एफ/२ ला (आकडा लहान, तितकी लेन्स जास्त उघडी) चालण्याजोगी चूक ८ मायक्रॉन, एफ/२.८ ला ११, एफ/४ ला १६. म्हणून एफ/४ ला सगळं छान दिसतं आणि विक्रेते तसेच नमुने दाखवतात. पण एफ/१.८ वरून एफ/४ वर जाताना प्रकाश पाचपट घटतो. शिवाय सात पात्यांच्या अपर्चरमुळे ठळक ताऱ्यांना चौदा किरणं फुटतात. काहींना आवडतात, मला कृत्तिकांवर नको आहेत.

बदली नाकारल्यावर अ‍ॅडॉप्टर उघडला. माउंटच्या पट्टीचे स्क्रू काढून एका बाजूला स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या बारीक घड्या सरकवल्या. बाजू चुकली तर कोपरे आणखी बिघडतात, म्हणून थोडं थोडं करत, दर वेळी तारे पाहत जावं लागतं. आता एफ/२.८ ला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तारे बिंदू आहेत. शिमग्याच्या आधी कुणी विचारलं असतं तर ‘घेऊ नका’ म्हणालो असतो. आता म्हणेन, हाताशी बारीक स्क्रूड्रायव्हर आणि धीर असेल तर घ्या. दुरुस्तीला फक्त वेळ लागला.

एफ/१.८ चा मोह मात्र सोडा. कडेच्या ताऱ्यांना कोमा या लेन्सच्या दोषाचे पंख फुटतात, ठळक ताऱ्यांभोवती जांभळं वलय येतं, आणि ते अ‍ॅडॉप्टर कितीही अचूक असला तरी जाणार नाही. आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नसेल तर ५०० चा नियम (५०० ला क्रॉप धरून फोकल लेंथनं भागायचं) साधारण साडेसहा सेकंद देतो, पण मोठं करून पाहिलं की तारे ओढलेले दिसतात. मी चार सेकंदांच्या वर जात नाही आणि भरपूर फ्रेम स्टॅक करतो (एकावर एक जोडतो). एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत) अपर्चर येत नाही, वहीत लिहून ठेवा.

एका गोष्टीनं मात्र मन जिंकलं. माझ्या किट लेन्सचा फोकस कॅमेरा बंद केला की हरवतो. निकॉरचा फोकस यांत्रिक आहे. थंडीत मध्यरात्री बॅटरी बदलली, तरी रिंग जिथे ठेवली तिथेच. निम्म्या रात्री फोकससाठी पुन्हा व्याध शोधत बसावं लागत नाही, फक्त पहाटेच्या आधी एकदा तपासावं. तापमान उतरलं की तो जरासा सरकतो.

अ‍ॅडॉप्टर मागवलात तर परतीची मुदत संपायच्या आत, अमावास्येची वाट न पाहता, गच्चीवरूनच एक ठळक तारा लेन्स एफ/२ च्या आसपास उघडी ठेवून टिपा. मध्यावर फोकस करा, रिंग न हलवता तोच तारा चारही कोपऱ्यांत घ्या. एकच बाजू सुजलेली दिसली तर लगेच परत पाठवा, आणि तक्रारीत ‘इन्फिनिटी’ हा शब्द न वापरता ‘माउंट तिरका’ असंच लिहा.