रेनबो ट्राउट नदीतला की हॅचरीचा: रंग पाहावा की पर?

पकडलेला रेनबो ट्राउट नदीतच जन्मला की हॅचरीतून, म्हणजे मासे पैदा करून वाढवणाऱ्या केंद्रातून, आणून सोडला, हे ठरवताना बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. गडद लाल पट्टा आणि ठसठशीत ठिपके दिसले की नदीतला, फिकट चंदेरी दिसला की हॅचरीचा. रंगाचा काहीच उपयोग नाही असं म्हणणार नाही. कालपरवा सोडलेला मासा त्यावरून बऱ्याचदा कळतो. पण अडचण अशी की तोच मासा गडद तळाच्या ओढ्यात काही आठवडे राहिला की रंग धरतो, आणि नदीत जन्मलेला मासा मोठ्या तलावात गेला की चंदेरी होतो. विणीच्या दिवसांत तर हॅचरीचे नरही लालभडक होतात. मांसाचा गुलाबीपणाही पुरावा नव्हे, खाद्यात ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य घातलं की तो येतो. एकाच माशाबद्दल जी खूण महिन्याभरात उत्तर बदलते, तिच्यावर माझा भरवसा बसत नाही.

माझा कल परांकडे, म्हणजे मासा ज्यांनी पोहतो त्या पडद्यांकडे, आहे. हॅचरीच्या काँक्रीटच्या टाक्यांत दाटी असते. खाद्य पडलं की मासे एकमेकांच्या परांचे लचके तोडतात, शिवाय पर भिंतीला आणि तळाला घासतात. पराला ताठ ठेवणाऱ्या काड्या तुटल्या तर भरून येतात, पण वाकड्या. जोडाशी गाठ राहते, कड जाड आणि पांढुरकी होते.

हात ओले करून मासा रबरी जाळीत, पाण्यातच धरावा. पाठीच्या पराची पहिली काडी चिमटीत धरून हळूच पुढे ओढली की पर उघडतो. आता प्रत्येक काडी बुडापासून टोकापर्यंत पाहायची. नदीतल्या माशाच्या काड्या सरळ आणि बारीक असतात, कड स्वच्छ असते. हॅचरीच्या माशाचा हा पर बऱ्याचदा खुजा असतो, काड्या नागमोडी. मग छातीचे दोन्ही पर पसरून एकमेकांशी ताडून पाहावेत. एखादी मोडकी काडी दिसली म्हणून निकाल देऊ नये, पक्ष्याच्या चोचीनेही ती मोडते. दोन परांवर तीच खूण हवी. कल्ल्याचं झाकण आखूड राहून आतला लाल भाग उघडा दिसत असेल, तर हॅचरीचा संशय आणखी बळावतो. शेपटीवर मात्र विसंबू नका. अंडी घालायला रेती उकरताना नदीतल्या मादीच्या शेपटीची खालची बाजूही झिजते.

ही खूण फसते ती बोटभर पिल्लं सोडलेली असतात तिथे. नदीत वाढता वाढता त्यांचे पर बरेच सुधारतात. कमी दाटीच्या मातीच्या तळ्यांतल्या माशांचे पर तर मुळातच चांगले असतात. तिथे खवले पाहावे लागतात. पाठीच्या पराच्या मागच्या टोकाखाली, पार्श्वरेषेच्या (माशाच्या कुशीवरून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेच्या) किंचित वर, पाच-सहा खवले काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. नदीतल्या माशाच्या खवल्यावर हिवाळ्याची वलयं दाट येतात, हॅचरीत वाढलेल्यात सुरुवातीची वलयं रुंद आणि एकसारखी. केंद्र कोरं असलेला खवला पुन्हा उगवलेला असतो, तो बाजूला टाकावा. काम चोख होतं, पण पाण्याकाठी जमणारं नाही.

राहिला ॲडिपोज पर, म्हणजे शेपटीअलीकडचा छोटा मांसल पर. तो कापलेला असून जखम भरलेली असेल तर मासा हॅचरीचा, यात वाद नाही. पण शाबूत असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण सोडलेल्या सगळ्याच माशांचा तो कापत नाहीत, आणि अर्धवट कापला गेला तर थोडाफार पुन्हा वाढतोही. मात्र अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि ओरेगॉन या राज्यांमध्ये स्टीलहेडच्या, म्हणजे समुद्रात जाऊन येणाऱ्या याच जातीच्या, बाबतीत मासा ठेवायचा की सोडायचा हे साधारणपणे याच परावर ठरतं. तिथे बाकीच्या परांवरून मासा कितीही हॅचरीचा वाटला, तरी ॲडिपोज शाबूत असेल तर तो पाण्याबाहेर न काढता सोडून द्यावा.